यंत्राची जपणूक : बॅटरीला दोष देण्यापूर्वी

निफाड तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे तेरा वर्षांची डिझेल पिकअप आहे. हंगामात द्राक्षे आणि एरवी टोमॅटो, कांदा अशी वाहतूक ते स्वतःच करतात. दीड वर्षात त्यांनी दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या, तरी सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हते आणि रात्री दोन-अडीच तास गाडी चालली की पुढचे दिवे पिवळे पडतात. तिसरी बॅटरी घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे. अशाच आशयाची आणखी दोन-तीन पत्रे पडून होती, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

तिसरी बॅटरी घेऊ नका. निदान तपासणी केल्याशिवाय तरी घेऊ नका.

त्याचे असे आहे की, बॅटरी हा हौद आहे आणि अल्टरनेटर ही विहिरीवरची मोटर. हौद रिकामा दिसला म्हणून आपण नवा हौद बांधत नाही, आधी मोटर पाणी उचलते की नाही ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र उलटे घडते. गाडी सुरू होईना की बॅटरीच्या दुकानात जायचे, दुकानदार नवी भरलेली बॅटरी देतो, ती चार-सहा महिने रडतखडत चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण सल्फेट धरते आणि मग ती पुरती भरतही नाही. म्हणजे अशक्त अल्टरनेटर नवी बॅटरीसुद्धा खातो.

जुन्या डिझेल गाड्यांत हा दोष लवकर उघडकीस येत नाही, याचे कारण समजून घ्यावे. या इंजिनांचा डिझेल पंप यांत्रिक असतो. एकदा इंजिन पेटले की त्याला विजेची गरज जवळजवळ नसते. त्यामुळे दिवसा अल्टरनेटर पूर्ण बंद असला तरी गाडी धावते आणि सारे ठीक आहे असे वाटते. दिवे लावले, पावसात वायपर चालू केला, काचेवरची वाफ घालवायला पंखा लावला की खरा हिशेब सुरू होतो. पुढचे दोन दिवे साठ-साठ वॅटचे धरले तर त्यांनाच दहा अँपिअर लागतात. मागचे दिवे, वायपर, पंखा मिळून वीस-बावीस अँपिअर सहज होतात. पंचाहत्तर अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर सव्वातीन-साडेतीन तास पुरेल, पण दिवे त्याच्या खूप आधीच पिवळे पडतात. जुन्नर-ओतूरकडून भाजी भरून रात्री माळशेज घाट उतरणाऱ्याला हा हिशेब सांगावा लागू नये. धुके, पाऊस, मागे माल आणि पुढे मेणबत्तीएवढा उजेड! नव्या, संगणकाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनात तर वीज फार उतरली की इंजिनच बंद पडते.

पूर्वीच्या गाड्यांत डायनामो असे. गावाकडे अजूनही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण डायनामोच्या काळातील एक सवय मात्र सोडली पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल उपसायचे, गाडी चालत राहिली तर डायनामो चांगला, अशी ती तपासणी. अल्टरनेटरवर हा प्रयोग कधीही करू नये. त्याच्या पोटात डायोड नावाचे छोटे भाग असतात. ते उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवतात. चालत्या इंजिनात बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड जळतात. कोणी मिस्त्री तुमच्या गाडीवर हे करू लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. आणि वर सांगितल्याप्रमाणे डिझेल इंजिन विजेशिवायही चालतेच, तेव्हा त्या प्रयोगातून काही सिद्धही होत नाही.

आता तपासणी. सुरुवात डोळ्यांनी आणि बोटांनी करावी. चावी फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला तर चार्जिंग बंद आहे हे सर्वांनाच कळते. चावी फिरवल्यावर तो लागतच नाही, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या अल्टरनेटरना जागे करणारा पहिला थोडासा प्रवाह याच दिव्यातून जातो. चाळीस-पन्नास रुपयांचा बल्ब उडाला किंवा त्याची बारीक तार तुटली, तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर जागा होतो. दिवा धड विझत नाही, अंधुक मिणमिणतो, असे असेल तर बहुधा डायोड गेलेला असतो.

मग पट्टा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबावे. दहा ते पंधरा मिलिमीटर दबला तर ताण ठीक. आतल्या बाजूने पट्टा काचेसारखा चकाकत असेल, भेगा असतील, किंवा झिजून पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल, तर तो बदलावा. हा पट्टा खाचेच्या दोन्ही कडांवर पकड घेतो, तळाला टेकला की घसरतो. सकाळी इंजिन सुरू करताना किंवा दिवे लावताच चीं-चीं आवाज येतो तो याच घसरण्याचा. पट्टा अतिशय ताणूनही चालत नाही, त्याने बेअरिंग जाते.

बॅटरीची टर्मिनले पांढऱ्या-हिरव्या क्षाराने माखली असतील तर ती सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावीत. सोडा बॅटरीच्या तोंडांत मात्र जाऊ देऊ नये. कोरडी करून घट्ट बसवावीत आणि वरून व्हॅसलिन लावावे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टीही बघावी. तेरा वर्षांच्या गाडीत ती अर्धी तुटलेली सापडली तर आश्चर्य नको. बॅटरीजवळ बिडी पेटवू नये, तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

एवढे झाल्यावर मीटर हातात घ्यावा. साधा डिजिटल मल्टिमीटर नव्या बॅटरीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत मिळतो आणि तो मोटरच्या स्टार्टरलाही उपयोगी पडतो. घरातील सातवी-आठवीत शिकणारी मुले आकडे वाचायला आणि वहीत लिहायला आपल्यापेक्षा चपळ असतात, त्यांना जरूर सोबत घ्यावे. मात्र त्यांना बॅटरीच्या बाजूलाच उभे करावे. ओढणी, पदर, उपरणे, मोकळे केस यांतले काही पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये.

मीटर डीसी व्होल्टच्या वीस आकड्यावर ठेवून लाल टोक बॅटरीच्या अधिकला आणि काळे उणेला लावावे. रात्रभर उभ्या गाडीत, सेल्फ मारण्यापूर्वी, १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने आकडा बघावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा त्या वेळी साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जास्त ओढतो आहे. रिकाम्या बॅटरीवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, आधी ती चार्जरवर भरून आणावी.

आता इंजिन चालू ठेवावे आणि थोडी रेस द्यावी, शेतातून घरी येताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते तेवढी. आकडा वर चढून १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर झाला पाहिजे. सेल्फ मारण्यापूर्वी होता तेवढाच राहिला तर अल्टरनेटर काहीच देत नाही. पंधराच्या वर गेला तर त्याचा रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी उकळून उडवतो आणि बल्ब वारंवार जाळतो. ज्यांना दर आठवड्याला बॅटरीत पाणी घालावे लागते, त्यांनी ही गोष्ट विशेष बघावी.

पण अशक्त अल्टरनेटर या तपासणीत पास होतो! रिकाम्या हाताने कोणीही ताठ चालतो, डोक्यावर पोते दिल्यावर कळते. म्हणून रेस तशीच ठेवून पुढचे दिवे, वायपर, पंखा सारे चालू करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. आकडा साडेतेराच्या आसपास टिकला तर अल्टरनेटर कामाचा आहे. १३ च्या खाली घसरत १२.५ कडे निघाला, तर तो ओझे पेलत नाही. आमच्या वाचकांच्या पत्रातील लक्षणे वाचून मला तरी त्यांच्या गाडीत हेच निघेल असे वाटते. गाडी गरम झाल्यावर, म्हणजे अर्धा-पाऊण तास चालवून आल्यावर, हीच चाचणी पुन्हा करावी. थंड असताना बरा वाटणारा अल्टरनेटर तापल्यावर हात टेकतो.

अजूनही लगेच अल्टरनेटर काढायला धावू नये. सारे दिवे चालू असताना मीटरचे लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि काळे टोक बॅटरीच्या अधिकवर धरावे. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवला, तर वीज तयार होते आहे पण वाटेतच मुरते आहे. जोड सैल आहे, तार आतून काळी पडली आहे किंवा फ्यूजची जागा जळली आहे. तसेच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या उणेपर्यंत बघावे, तिथे ०.२ च्या वर नको. पाटाला भगदाड असेल तर मोटर बदलून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, त्यातलाच हा प्रकार. एक तार बदलून काम भागत असेल तर तेवढेच करावे.

डायोडची परीक्षाही याच मीटरने होते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि दिवे चालू असताना बॅटरीवर टोके लावावीत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर डायोडमध्ये दोष आहे असे समजावे. फुटका डायोड आणखी एक उपद्व्याप करतो. गाडी उभी असताना त्याच्यातून बॅटरी गुपचूप झिरपत राहते. शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही ती त्यामुळे.

येथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. केबिनच्या टपावर शंभर-शंभर वॅटचे चार दिवे, मागे लुकलुकणाऱ्या माळा आणि सीटखाली लग्नाच्या वरातीला पुरेल असा अॅम्प्लिफायर, अशी सजवलेली पिकअप हल्ली प्रत्येक गावात आहे. तेवढे चार दिवेच तेहेतीस अँपिअर ओढतात. मूळ अल्टरनेटर कंपनीने गाडीच्या गरजेपुरता दिलेला असतो आणि मंद चालीवर तो आपल्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो. अशा गाडीच्या मालकाने अल्टरनेटरला शिव्या देण्यात अर्थ नाही. हौस कमी करावी, नाहीतर मोठा अल्टरनेटर आणि जाड तारा यांचा खर्च सोसावा.

दोष अल्टरनेटरच्या पोटातच आहे हे नक्की झाले, तरी नवाच घ्यावा लागतो असे नाही. सर्वांत आधी झिजतात ते कार्बन. ते आणि रेग्युलेटर बदलणे स्वस्तात होते. बेअरिंग घरघरत असेल तर तेही बदलता येते, डायोडची प्लेटही मिळते. मात्र कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यांना खोल खाचा पडल्या असतील, किंवा वायंडिंग काळे पडून करपल्याचा वास येत असेल, तर रिवाइंडिंगच्या भानगडीत न पडता दुसरा बसवलेला बरा, असे माझे मत आहे. रिवाइंडिंग केलेले अल्टरनेटर फार दिवस टिकलेले मी थोडेच पाहिले आहेत. रिकंडिशन घ्यायचा असेल तर पावती आणि लेखी हमी घ्यावी. दुकानात जाताना जुना सोबत न्यावा आणि अँपिअरचा आकडा, पुलीचा व्यास आणि खाचा, कानांची जागा, तारांचा प्लग हे सारे शेजारी ठेवून ताडून बघावे.

याच ठिकाणी या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. टाटा २०७, महिंद्राच्या जुन्या डीआय पिकअप अशा अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला एक गोल पंप जोडलेला असतो. तो व्हॅक्यूम पंप. ब्रेकच्या बूस्टरला लागणारी ओढ तोच निर्माण करतो. म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा तुटला की चार्जिंग तर जातेच, पण एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पेडलही दगडासारखे कडक होते. ब्रेक पूर्ण जात नाही, मात्र भरलेली गाडी थांबवायला दोन्ही पायांचा जोर लागतो. हे घाटात उतरताना पहिल्यांदा कळू नये. लाल दिवा लागला तर ‘बॅटरीचेच आहे, घरी गेल्यावर बघू’ असे म्हणून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घेऊन पट्टा जागेवर आहे की नाही ते पाहा.

या पंपाला इंजिनचे ऑइल लागते. त्याचे सील गेले की ऑइल अल्टरनेटरच्या पोटात उतरते, कार्बन चिकट होतात आणि चार्जिंग मंदावते. अल्टरनेटर बाहेरून ऑइलने ओला दिसला, किंवा इंजिनचे ऑइल कारण नसताना कमी होऊ लागले, तर दोष पंपात आहे. अशा वेळी नुसते कार्बन बदलून आणले तर महिनाभरात पुन्हा तेच होते. सील आधी, कार्बन नंतर.

बदलायचे काम ज्यांना पान्यांची सवय आहे त्यांना घरी जमण्यासारखे आहे. ज्यांना नाही, त्यांनी मिस्त्रीकडून करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून. पहिले काम, बॅटरीचे उणे टर्मिनल सोडवून बाजूला बांधणे. अल्टरनेटरच्या जाड तारेत चावी बंद असतानाही वीज असते. पाना तिथून अंगाला टेकला की ठिणग्या उडतात, हातात कडे किंवा अंगठी असेल तर कातडी भाजते. ती काढूनच कामाला लागावे. तारा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. मग ताणाचा आणि बिजागरीचा असे दोन्ही बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की पट्टा निघतो. पंपाला ऑइल आणणारी नळी, ऑइल परत इंजिनात नेणारी नळी आणि बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी सोडवून त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. धुळीचा कण आत जाता कामा नये. रबरी नळी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर हीच बदलायची वेळ. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि नव्या पंपाच्या ऑइलच्या तोंडातून थोडे इंजिन ऑइल ओतून पुली हाताने आठ-दहा वेळा फिरवावी, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत पंप कोरडा घासत नाही.

सारे जोडल्यावर उणे टर्मिनल सर्वांत शेवटी लावावे. अधिक-उणेची अदलाबदल क्षणभर जरी झाली तरी नवे डायोड गेलेच समजा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर भरावी. रिकामी बॅटरी नव्या अल्टरनेटरच्या गळ्यात बांधली तर तो पहिल्याच दिवशी तापून निघतो. इंजिन सुरू करून वरील सर्व आकडे पुन्हा घ्यावेत, ऑइल कुठे गळते का ते बघावे आणि मग ब्रेक तपासावा. त्याची रीत अशी : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, कडक होईल. ते तसेच दाबून धरून सेल्फ मारावा. इंजिन सुरू होताच पाय थोडा खाली गेला तर पंप ओढतो आहे. गेला नाही तर गाडी अंगणाबाहेर नेऊ नये.

नवा पट्टा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत थोडा ताणतो, तेव्हा एकदा पुन्हा आवळावा. हौद्याचे किंवा चासीचे वेल्डिंग करायचे असेल तेव्हा बॅटरी सोडवून आणि अल्टरनेटरच्या तारा काढूनच करू द्यावे. गावोगावी वेल्डिंगनंतर डायोड जातात आणि कारण कोणाला कळत नाही. गाडी बंद पडल्यावर ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून केबल लावून सुरू करता येते. पण मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या ओळीने जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात, त्याची मदत या कामी घेऊ नये. कितीही आग्रह केला तरी.

जुना अल्टरनेटर दुकानात तसाच सोडून येऊ नका. त्यात तांबे आणि अॅल्युमिनियम असते, आणि रिकंडिशन करणारे तो दुरुस्त करून पुन्हा विकतात. नव्याचा भाव ठरवतानाच जुन्याचे किती वजा होणार ते विचारून पावतीवर लिहून घ्यावे.